धाकटीची लाल टोपी

"सावकाश. डावीकडे फिरव. जोर लावू नकोस, ती आपण होऊन सुटते," ठोसर म्हणाला.

माझ्या हातात पांढरे कापडी मोजे होते, डोक्याला जाळी बांधलेली होती आणि तोंडावर फडकं. समोर लाकडी घोडीवर रॉकेटचा वरचा भाग आडवा निजवलेला. त्याच्या कुशीत एक खिडकी उघडी होती आणि त्या खिडकीत, औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढी, लालभडक रंगाची एक अ‍ॅल्युमिनियमची टोपी घट्ट बसवलेली होती.

"तूच काढ ना. मला यातलं काही कळत नाही."

"कळायचं काही नाही त्यात. उपकरण ज्याने बांधलं त्याच्या हातानेच शेवटची टोपी निघते, असा आमचा रिवाज आहे. बाई नाहीत, तर त्यांच्या घरचं माणूस."

"निम्मं तू बांधलंयस की."

"मी स्क्रू आवळले," ठोसर म्हणाला. "काढ आता. ही दमट हवा हिला सोसत नाही."

मी टोपी फिरवली. खरंच आपण होऊन सुटली. आत काळोख होता आणि काळोखाच्या तळाशी बटणाएवढी एक करडी चकती. एवढीशी. मला उगाच वाटत आलं होतं की ती मोठी असेल.

"ही?"

"हीच," ठोसर म्हणाला. "नमस्कार-बिमस्कार करायचा असेल तर लांबून कर. वाफ लागते."

आई जाऊन तेव्हा महिना उलटला होता. डॉक्टर मालिनी आगटे, प्रयोगशाळेत आगटेबाई. आयुष्यभर तिने एकच वस्तू पुन्हा पुन्हा बांधली: इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडणारी तोफ. पृथ्वीपासून खूप वर, जिथे हवा जवळजवळ संपते आणि उरतात ते विजेचा भार असलेले सुटे कण, तिथे ही तोफ रॉकेटमधून न्यायची आणि त्या कणांच्या विरळ सागरात झोत सोडायचा. झोताने तिथे लाटा उठतात का, उठल्या तर लाट झोताला काय करते आणि झोत लाटेला काय देतो, एवढंच तिला बघायचं होतं. घरी त्या तोफेला 'धाकटी' हे नाव बाबांनी दिलं. "थोरली जेवली का, हे ही कधीमधी विचारते. धाकटीचा ताप मात्र रोज बघते," असं ते पाहुण्यांना सांगत. ताप हा शब्द खोटा नव्हता. ती करडी चकती तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटत, आणि ती किती तापली हे आई खरोखरच रोज बघत असे. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही ती एकदा उशिरा आली होती आणि आल्या आल्या बाबांना म्हणाली होती, "आज उतरला."

बाबांनी दिलेलं नाव आईच्या हाताखाली काम करणाऱ्या ठोसरमार्फत प्रयोगशाळेत पोचलं, आणि मग मोठमोठी माणसंही आईला फोनवर विचारू लागली, "धाकटी काय म्हणते?" धाकटी काहीच म्हणत नव्हती, हीच तर अडचण होती.

मी साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. दोन महिन्यांची रजा काढून पुण्याला बाबांजवळ आले होते, तिथेच ठोसरचा फोन आला. मी दक्षिणेकडच्या त्या किनाऱ्यावर गेले ती रिवाजासाठी नव्हे. जिच्यापायी आई घरात अर्धीच असायची, ती एकदा तरी बोलते का, हे मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. बोलली नाही, तर आईचं ते उरलेलं अर्धं कुठे गेलं, हे मला कुणीच सांगू शकलं नसतं.

"हिचं पहिलं उड्डाण झालं ना, तेव्हाही मीच होतो इथे," फडकं सोडत ठोसर म्हणाला. आम्ही त्या थंड खोलीतून बाहेर आलो होतो. सुरूच्या झाडांमधून समुद्राचा आवाज येत होता. "तोफ आणि लाटा ऐकणारं यंत्र, दोन्ही एकाच रॉकेटवर. काही मिळालं नाही. लोक म्हणाले, झोत बाहेर पडतच नाही. रॉकेटवर उलटा भार चढतो आणि झोत वळून त्यालाच येऊन चिकटतो."

"आई काय म्हणाली?"

"बाई म्हणाल्या, पडतो. एवढंच." तो चपलेतली वाळू झटकायला थांबला. "म्हणून या वेळी दोन तुकडे. वर पोचल्यावर रॉकेट मधून सुटणार. तोफ असलेला मोठा तुकडा ती आई. आणि स्प्रिंगने दूर ढकलला जाणारा लहान तुकडा, ज्यात ऐकायचं यंत्र आहे, ती लेक." मग घाईघाईने म्हणाला, "जगभर यांना हेच म्हणतात हं. तुझ्यावरून नाही."

"लेकीला दूर कशाला ढकलायचं?"

"जवळ असली की आईच्या यंत्रांचा खडखडाटच ऐकू येतो. दुसरं काही नाही."

मी पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

वाटेत राजवाडे सर भेटले. प्रयोगशाळेचे प्रमुख, उंच, किरकोळ, उन्हातही छत्री मिटून काठीसारखी वापरणारे. आईच्या शोकसभेत ते बोलले नव्हते, फक्त खुर्च्या मांडायला मदत केली होती.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "तुला आधीच सांगून ठेवतो, विभा. मागाहून कळलं तर वाईट वाटेल. ही शेवटची. यातही काही नसेल तर हा गट मी बंद करणार आणि ठोसरला उपग्रहाच्या कामावर घेणार. आगटेबाईंनाही हे सांगितलं होतं."

"हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटलात. खोटं बोललो असतो तर त्यांनी ओळखलं असतं."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, खिळा काढू नका."

खिळ्याची गोष्ट मला ठाऊक होती. प्रयोगशाळेच्या जिन्यापाशी भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. एखादं उपकरण वर जाऊन नीट चाललं, त्याने काही सांगितलं, की त्याची लाल टोपी तिथे टांगायची. चाललं नाही तर टोपी भांडारात परत. आईने पहिल्या उड्डाणाला निघण्यापूर्वीच आपला खिळा ठोकून ठेवला होता. "बाई, ही घाई होतेय," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा ती म्हणाली होती, "परत आल्यावर दमलेली असेन." तो खिळा तेव्हापासून मोकळा होता. जिन्यावरून जाणारे लोक त्याला छत्री अडकवत.

संध्याकाळी रॉकेट शिडीवर उभं राहिलं. आम्ही लांबवरच्या बंकरच्या दाराशी बाकावर बसलो होतो. सुरक्षेचे अधिकारी पिल्ले हातात एक मोठं स्टीलचं ताट घेऊन आले. रॉकेटवरून काढलेली प्रत्येक लाल वस्तू, चिंध्या, पिना, झाकणं, या ताटात जमा व्हायची. ताट पुरं भरल्याशिवाय उड्डाण नाही. कारण एक वस्तू कमी याचा अर्थ ती अजून रॉकेटवरच आहे. पिल्ले ताटातल्या वस्तूंवरून बोट फिरवत गेले, पुन्हा फिरवत आले.

"एक कम है," ते म्हणाले.

ठोसरचा चेहरा उतरला. "काय कमी आहे?"

"गन का कॅप."

"असं कसं? आमच्यासमोर काढली! खिडकी लावली, वर रॉकेटचं नाक चढवलं..." ठोसरने माझ्याकडे पाहिलं. "विभा, आपण टोपी काढली ना?"

"काढली."

"मग कुठाय?"

मी पर्स उघडली. रुमालाच्या खाली, बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीला टेकून, लाल टोपी बसली होती. किती वेळ मी ती मुठीत धरून होते आणि पर्समध्ये केव्हा टाकली, मला आठवेना. मी ती ताटात ठेवली. पिल्लेंनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी एखाद्या विद्यार्थ्याकडेही कधी पाहिलं नसेल.

ठोसर हसायला लागला. पोट धरून, बाकावर वाकून. गेल्या महिन्यात मी कोणाला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"बाईंनी पहिल्या वेळी हेच केलं होतं! पदराच्या गाठीत बांधून बसल्या होत्या. सगळं मैदान पालथं घातलं आम्ही. हेच पिल्ले होते. विचार त्यांना."

"आप उनकी बेटी हैं?" पिल्लेंनी विचारलं. मी मान हलवली. "तो ठीक है," ते म्हणाले आणि ताटावर बरोबरची खूण केल्यासारखं बोट टेकवून निघून गेले.

पण लगेच उड्डाण झालं नाही. समुद्रात, रॉकेटचे तुकडे पडायचे त्या भागात, एक मच्छीमार होडी शिरली होती आणि ती काही केल्या हलेना. भोंग्यावरून घोषणा झाली, गस्तीची बोट गेली, परत आली, पुन्हा गेली. ठोसर येरझारा घालू लागला. रॉकेटच्या बंद नाकाच्या आतही दमट हवा हळूहळू झिरपते. फार वेळ गेला तर ती करडी चकती खराब होणार आणि आत गरम होऊनही तिच्यातून काही सुटणार नाही.

"त्या होडीत काय आहे एवढं?" मी विचारलं.

"मासे," राजवाडे सर म्हणाले. "त्यांचा हंगाम आहे. त्यांच्या समुद्रात आपण मध्येच आलोय."

दिवेलागणीला होडी हलली. मग फार काही पाहायला मिळालं नाही. एक पांढरा उजेड, पोटात बसणारा दणका, आणि आकाशात आधी जाड, मग बारीक होत गेलेली धुराची दोरी. वाऱ्याने ती लगेच वाकडीतिकडी केली. आत कोणीतरी इंग्रजीत एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होतं: नाक उघडलं. लेक सुटली. तोफ चालू. तोफ बंद. तोफ चालू. तोफ बंद. ठरल्याप्रमाणे थोडा वेळ झोत, थोडा वेळ विसावा, पुन्हा झोत. ठोसर डोळे मिटून ऐकत होता. काही मिनिटांत सगळं संपलं, आणि आई आणि लेक दोघी समुद्रात पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोसर आणि राजवाडे सरांच्या कामाच्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर कागदाची लांबच लांब गुंडाळी उलगडून ठेवलेली होती. त्यावर एक सरळ रेघ होती.

"सपाट," राजवाडे सर म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं; मला वाटतं, ते रात्री झोपलेही नव्हते. "तोफ चालली. झोत बाहेर पडला, हे नक्की. तेवढं आगटेबाईंचं खरं ठरलं. पण लेकीला काहीच ऐकू आलेलं नाही. झोताने लाट उठवलेली नाही. काल होतं तसंच आकाश आज."

ठोसर खिडकीत पाठमोरा उभा होता. "बाई आधी रेघ बघायच्या नाहीत," तो म्हणाला. "आधी ऐकायच्या."

"ऐकायच्या म्हणजे?"

"या लाटा सेकंदाला जितक्या वेळा हलतात ना, तो आपल्या कानाला ऐकू येणारा वेग आहे. नुसती टेप लाव आणि स्पीकर जोड. झालं." तो वळला. "ऐकायचंय तुला? तुझ्या आईची धाकटी आहे."

राजवाडे सरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतःसाठी चहाचा कप उचलला.

टेप सुरू झाली. आधी एक अखंड फसफस, तापल्या तव्यावर कोणी पाणी शिंपडत राहावं तशी.

"हे आकाश," ठोसर म्हणाला.

मग एकदम जाड, ओबडधोबड घरघर. "ही धाकटी, तिचा स्वतःचा आवाज. रेघेतून तो आधीच गाळलेला असतो." घरघर थांबली. पुन्हा घरघर. पुन्हा थांबली. एवढंच. आईच्या सगळ्या आयुष्याला गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी डोळे मिटले. त्यात काही विशेष नव्हतं. ती सवय होती. मी लहान असताना आई माझ्याशी एकच खेळ खेळायची. संध्याकाळी वीज गेली की पितळी फुलपात्र बोटांवर तोलून धरायचं आणि चमच्याने एकदाच वाजवायचं. दोघींनी डोळे मिटायचे. आवाज संपला असं वाटेल तेव्हा हात वर करायचा. मी हात वर केला की ती म्हणायची, "अजून आहे." मी पुन्हा ऐकायची, आणि खरंच असायचा, केसासारखा. ती कधीच आधी हात वर करत नसे. कित्येकदा आम्ही तशाच बसून राहायचो आणि बाबा मेणबत्ती घेऊन येत. "दोघी झोपल्या का?"

घरघर थांबली. मी ऐकत राहिले.

"तर असं आहे," राजवाडे सर म्हणाले.

"अजून आहे," मी म्हणाले.

"काय?"

"घरघर थांबल्यावर. एक शीळ आहे. बारीक. वर वर जाते."

"ती असते," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आकाश शिट्या वाजवतंच. कुठेतरी वीज पडते, तिची लाट वर पोचते आणि शीळ ऐकू येते. आपला तिच्याशी संबंध नाही."

"विजेची शीळ उतरते, सर," ठोसर म्हणाला. तो खिडकीपासून हलला होता. "वरून खाली येते. विभा, तू काय म्हणालीस? वर जाते?"

"वर जाते. पुन्हा लाव."

त्याने लावली. आता तिघांनीही डोळे मिटले. घरघर. मग फसफस, आणि फसफशीच्या पोटातून, कोणीतरी दूरच्या शेतात पावा उचलावा तशी एक शीळ आली, थोडी घुटमळली, आणि वर चढत चढत हरवली.

"ही तर तोफ बंद असताना आहे," ठोसर म्हणाला. "ते आमचं शून्य आहे."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तोफ बंद असतानाचं आकाश कसं आहे ते बघायचं, आणि ते तोफ चालू असतानाच्या आवाजातून वजा करायचं. उरलं ते तोफेचं. नेहमी असंच करतो आम्ही. सगळेच करतात. जगात कोणालाही..." तो बोलता बोलता थांबला.

राजवाडे सरांनी कप टेबलावर ठेवला. तो नेमका त्या सरळ रेघेवर ठेवला गेला, आणि कपाचं गोल ओलं कडं तिथे उमटलं.

"जर ती लाट तोफ बंद झाल्यावरही चालूच राहत असेल," ते हळूहळू म्हणाले, "तर आपण तिच्यातून तिलाच वजा केलंय."

ठोसरने कप उचलून रेघेवरचं ओलं कडं पुसलं.

"आणि मग सपाटच येणार," ठोसर म्हणाला.

"उड्या मारू नकोस. योगायोग असू शकतो. तोफ सुरू व्हायच्या आधीचा भाग लाव. लेक सुटल्यापासून पहिल्या झोतापर्यंत."

त्याने लावला. फसफस होती. शीळ नव्हती.

"आता पुढे. थांबू नकोस."

राजवाडे सरांनी हातात पेन्सिल घेतली. घरघर थांबली की ते टेबलावर टिचकी मारत आणि वाट बघत. टिचकी, शीळ. टिचकी, शीळ. एकदा ती आली नाही आणि ठोसरने श्वास रोखला, पण ती उशिरा आली, आधीच्यांपेक्षा स्पष्ट. शेवटच्या झोतानंतर तोफ कायमची बंद झाली. त्यानंतर जी शीळ आली ती इतका वेळ चढत राहिली की पेन्सिल धरलेला त्यांचा हात हवेतच राहिला.

"मला एक सांग," मी ठोसरला म्हणाले. "लहानपणी आईने मला हे झोपाळ्यावर समजावलं होतं. योग्य वेळी ढकललं तर झोपाळा तो धक्का घेतो आणि मोठा होतो. झोत म्हणजे ढकलणारा हात. पण इथे हात तर थांबलाय. मग झोपाळा वर कसा चढतोय? कोण ढकलतंय?"

ठोसरचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

"तिथलेच," तो म्हणाला. "तिथे आधीपासून असलेले कण. ते आपापल्या वाटेने चालले होते. झोताने लाट उठवली, लाट त्यांच्याजवळून गेली, आणि त्यांनी आपल्याजवळचं थोडं थोडं तिला देऊन टाकलं. झोत संपला, पण लाट आता त्यांच्या जिवावर चाललीय."

"आईला हे माहीत होतं?"

"नाही," राजवाडे सर म्हणाले. "बाईंना लाट हवी होती. ही अशी लाट त्यांनी मागितलीही नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "महिनाभर कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. सगळं पुन्हा तपासायचं. दुसऱ्या लोकांकडून तपासून घ्यायचं. कळलं?"

"कळलं, सर."

"तुलाही सांगतोय, विभा."

"मी कोणाला सांगणार?" मी म्हणाले. "बाबांना?"

"त्यांना सांग," ते म्हणाले.

मी परत पुण्याला आले. रजा संपत आली होती. एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. फोन स्वयंपाकघराच्या दाराशीच होता.

"विभा, ठोसर. ऐक. राजवाडे सरांनी काल काय केलं असेल? पहिल्या उड्डाणाची टेप काढली. स्वतः. भांडारात जाऊन, धूळ झटकून. आणि वजाबाकी न करता लावली."

"मग?"

"आहे!"

"काय आहे?"

"शीळ! यंत्रांचा खडखडाट आहे, त्याच्या खालून. तेव्हा बाईंनाही तो खडखडाटच ऐकू आला असणार. अगदी पुसट. पण प्रत्येक झोतानंतर आहे. पहिल्या वेळीही होती, विभा. तेव्हापासून होती ती. बाईंची पहिली धाकटी बोलली होती." तो थांबला. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"सर म्हणाले, आता दोन खिळे लागतील. पण पहिली टोपी भांडारात सापडत नाही. नोंदीत म्हणे बाईंनी परतच केलेली नाही. तुला काही कल्पना?"

मी हाताकडे पाहिलं. पहिल्या उड्डाणाहून परत आल्यावर आईने पुन्हा पदराची गाठ सोडून, ताटातून परत मिळालेली ती टोपी ओट्यावर ठेवली होती. "हिला आता काहीतरी काम द्या," असं बाबांना म्हणाली होती. तेव्हापासून ती चहाच्या डब्यात होती. एक टोपी पूड म्हणजे घरातल्या सगळ्यांचा चहा. तिच्यावरचा लाल रंग बोटं लागून लागून कडेला उडाला होता. फोन वाजला तेव्हा मी तीच भरून हातात धरलेली होती.

"आहे," मी म्हणाले. "घेऊन येते."

पूड डब्यात ओतली, टोपी विसळली, पुसली. तरी वास गेला नाही. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते ओट्याला टेकले. मग म्हणाले, "आणि चहा कशाने मोजायचा?"

"अंदाजाने."

"तुझ्या आईला अंदाज चालत नसे."

"मला चालतो."

"मग काही दिवस कडू प्यायची तयारी ठेवली पाहिजे," ते म्हणाले, आणि स्वतःच डब्यात चमचा घातला.

प्रयोगशाळेच्या जिन्यापाशी ठोसर आणि राजवाडे सर आधीच येऊन थांबले होते. नवा खिळा सरांनी ठोकला होता, जरासा वाकडा. किनाऱ्यावरच्या ताटातून परत आलेली नवी टोपी त्याच्यावर लखलखत होती. शेजारच्या जुन्या खिळ्यावर कोणाची तरी छत्री होती. सरांनी ती काढून घेतली. त्यांचीच होती.

मी टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"चहा?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"रोज," मी म्हणाले.

टोपी त्यांनी ठोसरला दिली. ठोसरने तिची कडी खिळ्याला अडकवली आणि हात काढून घेतला. ती झुलली, भिंतीला लागली, आणि वाजली. एकदाच, पितळेच्या फुलपात्रापेक्षा हलकी, स्वच्छ.

आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. जिन्यावरून कोणीतरी वर येत होतं, तेही मधल्या पायरीवर थांबलं.

कोणीच हात वर केला नाही.